कॉकच्या अलीकडे की पलीकडे

छतातून पाणी गळताना दिसलं की माणूस आधी वर बघतो, मग खाली बघतो आणि मग बादली शोधायला धावतो. तिनं तिन्ही गोष्टी एकदमच केल्या. त्यामुळे ओल्या लाकडी जमिनीवरून पाय सटकला आणि कोपर ओट्याच्या कडेवर सणकून आपटलं. कोपर चोळत ती स्वयंपाकघरात उभी राहिली. छताला पोट सुटल्यासारखा मोठा ओला फुगवटा आला होता. त्यातून धार ओट्यावर पडत होती. भिंतीतल्या कपाटांमागूनही पाणी झिरपत होतं आणि जमिनीवर हळूहळू पसरत दाराकडे निघालं होतं.

तिला अख्खी इमारत व्यायामबाई म्हणायची. ती हॉस्पिटलात फिजिओथेरपिस्ट होती. लोकांचे आखडलेले खांदे आणि रुसलेले गुडघे हलते करण्यात तिचा दिवस जायचा, आणि संध्याकाळी लिफ्टमध्ये भेटणारा प्रत्येक जण तिला पाहिलं की आपोआप कमरेवर हात ठेवून कण्हायला लागायचा. तिच्या बरोबर डोक्यावर, वरच्या मजल्यावर, तिची थोरली नणंद राहायची. एका मोठ्या हॉस्पिटलची निवृत्त मेट्रन. धाकट्या भावाला खालचं घर घ्यायला त्यांनीच भाग पाडलं होतं. "डोळ्यांसमोर राहाल," असं तेव्हा म्हणाल्या होत्या. डोळ्यांसमोर कसले, पायाखाली राहिलो, असं ती नवऱ्याला अधूनमधून ऐकवायची. नणंदेशी भांडण असं नव्हतं. पण वन्संना काही सांगायला जावं तर त्या ऐकून न ऐकल्यासारखं करत, आणि ते तिला फार लागायचं.

ती धावत वर गेली. बेल वाजवली, दार बडवलं, "वन्सं! अहो वन्सं!" म्हणून हाका मारल्या. आत सामसूम. वन्संच्या घराची दुसरी किल्ली नवऱ्याच्या खिशात, आणि नवरा नकाशे काढायच्या ऑफिसात, शहराच्या दुसऱ्या टोकाला. शेवटी वॉचमन प्लंबरला घेऊन आला. त्यानं जिन्याजवळचा पाइपांचा डक्ट उघडला आणि वन्संच्या स्वयंपाकघराकडे जाणारा फाटा तिथल्या कॉकवर बंद केला. दार काही उघडावं लागलं नाही. खाली धार मंदावली, मग थेंब, मग थेंबही थांबले. तोवर इमारतीतली निम्मी मंडळी जिन्यात जमली होती आणि प्रत्येकाला कुठून तरी ठाऊक होतं की हे कधी ना कधी होणारच होतं.

संध्याकाळी वन्सं आल्या. खांद्याला पर्स, पायात बाहेरच्या चपला.

"मैत्रिणीकडे गेले होते," त्या म्हणाल्या. मग छताकडे बघून कपाळाला आठ्या घातल्या. "हे काय करून ठेवलंयस?"

"मी?" ती म्हणाली. पुढचं वाक्य नवऱ्यानं तिचा हात दाबून आतल्या आत जिरवलं.

तेवढ्यात सोसायटीचे सेक्रेटरी आले. त्यांचं चष्म्यांचं दुकान होतं, आणि समोरच्याच्या डोळ्यांत डोळे घालून बोलायची त्यांना सवय होती. एकदा छताकडे, एकदा जमिनीकडे बघून ते तोंडभर हसले. "अजिबात काळजी करायची नाही. सोसायटीचा विमा आहे. सगळ्या इमारतीचा आहे, पायापासून गच्चीपर्यंत. उद्या कळवतो, परवा माणूस येईल."

तिला हायसं वाटलं. घराचा स्वतंत्र विमाही त्यांनी काढलेला होता. नवऱ्याच्या शाळेतला एक मित्र विम्याचा एजंट होता, आणि दरवर्षी तो चहा पिऊन हप्ता घेऊन जायचा. म्हणजे दुहेरी तटबंदी. इकडून नाही तर तिकडून होईलच, असं म्हणत त्या रात्री दोघं झोपले. दोन विमे असले की एकाला दुसऱ्याकडे बोट दाखवायची सोय होते, हे त्यांना अजून कळायचं होतं.

सोसायटीच्या विमा कंपनीचा सर्व्हेअर आला तो मान तिरकी करूनच. "छतं बघून बघून मान गेली हो," दारातच तो म्हणाला. ती कोण आहे हे सेक्रेटरींनी त्याला सांगून ठेवलं असणार. तिनं त्याला खुर्चीवर बसवलं, हनुवटी आत घेऊन मान सरळ कशी ठेवायची ते दाखवलं. त्यालाही बरं वाटलं. मग तो उठला, वही काढली आणि घराची वाटणी करायला लागला.

"स्लॅब सोसायटीचा. तो आमच्या विम्यात. भिंती सोसायटीच्या, त्यावरचा गिलावा सोसायटीचा. त्यावरचा रंग तुमचा."

"रंग माझा?"

"तुम्हीच लावलात ना?"

"मग गिलावा आणि रंग यांच्यामध्ये जी पुट्टी असते, ती कोणाची?"

त्याला हा प्रश्न थट्टेचा वाटला नाही. त्यानं पेन ओठांवर टेकवून खराच विचार केला. "ते विचारून सांगतो," तो म्हणाला आणि लिहून घेतलं.

कपाटांवर त्यानं एका दमात काट मारली. ती बिल्डरनं दिलेली नव्हती, यांनी नंतर करून घेतलेली. मग तो जमिनीकडे वळला. लाकडी पट्ट्या फुगून एकमेकींवर चढल्या होत्या, जणू रांगेत घुसायची घाई झाली होती. "बिल्डरनं दिलेली फरशी असती तर आम्ही भरून दिली असती," तो हळहळला.

"आहे की ती! लाकूड तिच्यावरच बसवलंय."

हे बोलून आपण आपल्याच पायावर धोंडा मारून घेतला, हे तिला पुढच्याच क्षणी कळलं. त्यानं एक फुगलेली पट्टी उचकटून वर केली. खाली जुनी फरशी अंघोळ केल्यासारखी चकचकीत दिसत होती.

"उत्तम," तो म्हणाला. "फरशी सुखरूप आहे. म्हणजे जमिनीचं नुकसान शून्य."

जाताना त्यानं मानेचा व्यायाम दिवसातून किती वेळा करायचा ते पुन्हा विचारून घेतलं.

तिनं एजंट मित्राला फोन लावला. त्यानं सगळं ऐकलं, दोनदा "अरेरे" म्हणाला, आणि म्हणाला, "कपाटांचं बघू. पण जमीन कशी आमच्याकडे येईल वहिनी? जमीन म्हणजे इमारतीचाच भाग. ती सोसायटीच्या विम्यात."

"सोसायटीची कंपनी म्हणते जमीन माझी. तुमची कंपनी म्हणते जमीन इमारतीची. मग मी आत्ता उभी कशावर आहे?"

"वहिनी, तुम्ही चिडू नका."

"मी चिडलेली नाही, मी ओली आहे!" ती म्हणाली आणि फोन ठेवला.

मग टोलवाटोलवीला खरा रंग चढला. सोसायटीच्या कंपनीनं सांगितलं, घराच्या विम्यानं काय नाकारलं ते लेखी आणा, मग बघू. घराच्या विम्यानं सांगितलं, सोसायटीच्या कंपनीनं काय नाकारलं ते लेखी आणा, मग बघू. दोघेही अगदी नम्र होते. फोनवर संगीत लावायचे, "आपला कॉल महत्त्वाचा आहे" म्हणायचे, आणि मग जेवणाची सुट्टी व्हायची. स्वयंपाकघराला कुबट वास सुटला. कपाटांची दारं फुगून बसली; एक उघडत नव्हतं आणि एक मिटत नव्हतं. एक शेगडी हॉलमध्ये मांडून तिथंच स्वयंपाक चालला होता, आणि सोफ्याला फोडणीचा वास लागला होता तो वेगळाच.

"पॉलिसीत एक सोय आहे," एजंट मित्रानं उदार होऊन सांगितलं. "घर राहण्यालायक नसेल तर दुरुस्ती होईपर्यंत बाहेर राहण्याचा खर्च मिळतो."

"मग द्या!"

"पण तुम्ही आत्ता कुठे राहताय?"

"घरातच. जाणार कुठे?"

"म्हणजे राहण्यालायक आहे," तो म्हणाला. त्याच्या आवाजात खरंच वाईट वाटल्याचा सूर होता.

हे कमी होतं म्हणून की काय, एका संध्याकाळी सेक्रेटरी नवा तिढा घेऊन आले. या खेपेला हसत नव्हते. सोसायटीच्या विम्यात प्रत्येक नुकसानीचा पहिला भाग कंपनी देत नसे, तो सोसायटीनं सोसायचा होता. हप्ता कमी बसावा म्हणून मागच्या वर्षी सभेनं हात वर करून हा पहिला भाग चांगला मोठा करून घेतला होता. आणि सोसायटीच्या नियमांत होतं की पाणी ज्याच्या पाइपातून आलं, त्याच्याकडून तो वसूल करायचा.

"म्हणजे ताईकडून?" नवऱ्यानं विचारलं.

"पाइप कुठे फुटलाय त्यावर आहे," सेक्रेटरी म्हणाले. "डक्टपासून त्यांच्या स्वयंपाकघरातल्या कॉकपर्यंत पाइप सोसायटीचा. कॉकच्या पलीकडे नळापर्यंत त्यांचा. फुटलाय भिंतीच्या आत. अलीकडे की पलीकडे, ते दिसत नाही."

"कॉक बंद करून बघायचा की मग!" ती म्हणाली. "बंद केल्यावर गळती थांबली तर पलीकडे, नाही थांबली तर अलीकडे."

"तो कॉक गंजून बसलाय. फिरतच नाही."

"मग भिंत फोडा."

"कोणी फोडायची?" सेक्रेटरींनी असं विचारलं की जणू याचं उत्तर जगात कोणाकडेच नसावं. "सोसायटीनं फोडली आणि पाइप त्यांचा निघाला, तर त्यांच्या टाइल्सचं नुकसान सोसायटीच्या डोक्यावर. मेट्रनबाई म्हणतात, भिंत माझी नाही, मी का फोडू."

मेट्रनबाई एवढंच म्हणत नव्हत्या. त्यांनी स्वतःच्या घराचा विमाच काढलेला नव्हता. "दर महिन्याला सोसायटीला पैसे भरते, त्यात विमा आला की नाही?" असं त्यांचं म्हणणं. वरून खाली फक्त निरोप यायचे, तेही भावामार्फत. बिचाऱ्या नवऱ्याचा पेंडुलम झाला. वर गेला की "तुझ्या बायकोला सांग," आणि खाली आला की "तुझ्या बहिणीला सांग." एकदा तो जिन्याच्या मधल्या वळणावर पायरीवर बसून निवांतपणे सफरचंद खाताना सापडला.

अशातच एजंट मित्र कागद घेऊन घरी आला. चेहऱ्यावर कधी नव्हे तो विजय होता. "वहिनी, साहेबांशी भांडलो. क्लेम घ्यायला तयार झालेत. जमीन, कपाटं, सगळं बघतील. फक्त इथे सही करा."

तिनं कागद वाचला. बाकी सगळं नेहमीचंच होतं. मधल्या एका रकान्यात नुकसानीला जबाबदार कोण, त्या व्यक्तीचं नाव आणि पत्ता लिहायचा होता. पत्त्याच्या जागी आधीच कोणीतरी वरच्या मजल्याचा नंबर भरून ठेवला होता.

"हे कशाला?"

"ते काही नाही. कंपनी तुम्हाला भरपाई देते, मग तुमच्या जागी उभी राहून ज्यानं नुकसान केलं त्याच्याकडून वसूल करते. तुम्हाला काहीच करायचं नाही. कंपनीचे वकील बघतात."

नवऱ्यानं चहाचा कप खाली ठेवला. "म्हणजे आमच्या ताईवर दावा?"

"दावा तुम्ही कुठे करताय? कंपनी करेल."

"आमच्या नावानं!"

"तर काय करू मी?" आता तिचा बांध फुटला. "माझं घर गळलं, आणि सगळ्यांची पोटं माझ्यापाशी येऊन दुखतायत. हा म्हणतो गिलावा, तो म्हणतो फरशी, सेक्रेटरी म्हणतात कॉक, तू म्हणतोस ताई. अरे, मी सोफ्यात फोडणी करतेय! माझ्या बाजूनं कोणी आहे का या इमारतीत?"

एजंटनं बिस्किट बशीत परत ठेवलं. तिनं कागद उचलला, नवऱ्यानं खिळ्याला लावलेली नणंदेच्या घराची किल्ली घेतली आणि जिना चढायला लागली. आज सोक्षमोक्ष लावायचाच होता. वन्संनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं, तर त्यांच्यासमोरच सही करायची, असं तिनं ठरवून टाकलं होतं.

बेल वाजवली. उत्तर नाही. दार वाजवलं. तेही नाही. तिनं किल्ली लावली आणि आत गेली. स्वयंपाकघर कोरडं, ओट्यावर काही नाही. नळाला पाणीच नव्हतं म्हटल्यावर तिथं कोण काय करणार? बाथरूममधून भांड्यांचा आवाज येत होता. वन्सं बुटक्या स्टुलावर वाकून बसल्या होत्या, बादलीतल्या पाण्यात ताटं विसळत होत्या. पाठ दाराकडे. त्यांचा गुडघा किती दुखतो हे तिला चांगलं माहीत होतं. अशा स्टुलावर त्यांनी बसूच नये, असं तिनंच त्यांना सांगितलं होतं.

"वन्सं," ती म्हणाली.

वन्संनी मागं बघितलं नाही. तिच्या डोक्यात तिडीक गेली. करतायत, पुन्हा तेच करतायत.

"वन्सं, मी बोलतेय." मग आणखी मोठ्यानं, "वन्सं!"

हात तसाच संथपणे ताट चोळत राहिला. मान हलली नाही, खांदा दचकला नाही. ती रोज माणसांची शरीरं बघायची. मुद्दाम दुर्लक्ष करणाऱ्याची पाठ कशी ताठ होते, ते तिला ठाऊक होतं. ही पाठ तशी नव्हती. ही पाठ एकटीच होती.

ती पुढं झाली आणि खांद्याला हात लावला. वन्संच्या हातातून ताट उडालं आणि फरशीवर घणघणत गोल फिरत राहिलं.

"केव्हा आलीस?" छातीवर हात ठेवून वन्सं म्हणाल्या. "बेल नाही वाजवायची?"

"वाजवली. दार वाजवलं. चार हाका मारल्या."

वन्संनी तिच्या ओठांकडे बघितलं. ती इतकी वर्षं समजत होती की या बाई बोलताना डोळ्यांत बघत नाहीत, मानीपणा म्हणून. मानीपणा कसला, त्या ओठ वाचत होत्या.

"किती दिवस झाले?" तिनं विचारलं, आता सावकाश, तोंड समोर धरून.

"डावा तर केव्हाच गेला," वन्सं म्हणाल्या. "उजव्याला थोडं येतं. कोणाला सांगू नकोस." आणि मग, विचारल्याशिवायच, "त्या दिवशी मी घरात होते."

"कोणत्या दिवशी?"

"पाणी आलं त्या दिवशी. दुपारी आडवी झाले होते, उजव्या कुशीवर. चांगला कान उशीत गेला. जाग आली तेव्हा स्वयंपाकघरात थोडं ओलं दिसलं. दाराच्या भोकातून बघितलं तर बाहेर सगळी इमारत उभी, प्लंबर, वॉचमन, तू. मला काही कळेना. मग कळलं की तुम्ही मघापासून दार बडवत असणार." त्यांनी ओले हात झटकले. "हजार माणसं सांभाळली गं मी. रात्री वॉर्डच्या दुसऱ्या टोकाला कोणी कण्हलं तरी मला जाग यायची. आता माझ्या भिंतीत पाणी वाहतंय आणि मी घोरतेय, हे त्या माणसांना सांगू? सगळे खाली गेल्यावर पर्स घेतली, मागच्या जिन्यानं उतरले, बागेत बसले आणि संध्याकाळी आले."

सर्व्हेअरला त्यांनी लेखी दिलं होतं, घरात कोणी नव्हतं म्हणून.

तिच्या हातातला कागद ताटाबरोबर उडालेल्या पाण्यानं भिजला होता. तिला हसू येत होतं आणि रडूही, आणि दोन्हीपेक्षा जास्त राग येत होता. पण तो नक्की कोणावर, ते तिला ठरवता येईना. इतक्या वर्षांचे तिचे रुसवे, "मी बोलले तर उत्तरही देत नाहीत" म्हणून नवऱ्याशी घातलेले वाद, सगळ्यांची बेरीज एका कानात जाऊन बसली होती.

"आधी उठा त्या स्टुलावरून," ती म्हणाली. वन्संना हाताला धरून तिनं उठवलं. "आता ऐका. म्हणजे बघा माझ्याकडे. ते लिहून दिलंय ते बदलायचं. खोटं उघडं पडलं तर तुमचं नाव जाईल आणि माझा क्लेम बुडेल. आणि भिंत उद्या फोडायची."

"खर्च कोणाचा?"

"फुटेपर्यंत कोणाचाच नाही. फुटल्यावर बघू."

दुसऱ्या दिवशी वन्संच्या स्वयंपाकघरात पाय ठेवायला जागा नव्हती. प्लंबर, सेक्रेटरी, तिरक्या मानेचा सर्व्हेअर, आणि तिच्या स्वतःच्या विमा कंपनीनं पाठवलेली एक बारीक चणीची सर्व्हेअर बाई, हातात मोजपट्टी. सेक्रेटरी शेवटपर्यंत कुरकुरत होते. "एकदा सभेत ठराव घेऊ या..."

"फोडा," तिनं प्लंबरला सांगितलं. छिन्नी बसली, टाइल उडाली, विटांची भुकटी सगळ्यांच्या केसांवर बसली. पाइप दिसला. कॉकच्या अलीकडे, डक्टच्या बाजूला, कोपऱ्यावरचा जोड गंजून कुजलेल्या दातासारखा पोखरला होता. बारीक बाईनं मोजपट्टी लावली, फोटो काढले. अंतर वीतभरही नव्हतं. त्या वीतभरासाठी हॉलमध्ये शेगडी मांडून त्यांनी अर्धं आयुष्य काढलं होतं, असं तिला वाटलं.

"सोसायटीचा पाइप," तिरक्या मानेचा म्हणाला आणि चष्मेवाल्यांकडे बघायचं टाळलं.

वन्संनी त्याच वेळी घसा साफ केला आणि त्याला सांगितलं की आपण त्या दिवशी घरात होतो, झोपलो होतो, ऐकू आलं नाही. तेवढं वाक्य बोलायला त्यांना केवढे कष्ट पडले, ते फक्त तिला दिसलं. सर्व्हेअरनं जुनं वाक्य खोडलं, नवं लिहिलं, सही घेतली.

"याचा काही वाईट परिणाम?" तिनं विचारलं.

"झोपणं म्हणजे निष्काळजीपणा नाही बाई," तो म्हणाला. "भिंतीतला पाइप जागेपणीही ऐकू येत नाही. आधीच खरं लिहिलं असतं तर माझा एक कागद वाचला असता, एवढंच."

बारीक बाई खाली आली; तिथं एजंट मित्रही येऊन थांबला होता. जमीन, कपाटं, रंग बघून तिनं पिशवीतून पॉलिसी काढली आणि एक पान उघडून समोर धरलं. घरमालकानं स्वतःच्या खर्चानं घरात केलेल्या सुधारणा, असं तिथं स्वच्छ छापलं होतं. लाकडी जमीन त्यात आली, कपाटं आली, रंगही आला.

"मग तुमचा एजंट जमीन सोसायटीची म्हणत होता ते?"

"त्यांनी हे पान वाचलं नसेल," ती बाई शांतपणे म्हणाली. एजंट मित्र त्या वेळी खिडकीतून बाहेर फार बारकाईनं काहीतरी बघत होता.

स्लॅब आणि गिलावा सोसायटीच्या विम्यातून, बाकीचं त्यांच्या विम्यातून, आणि त्यांच्या विम्यातही पहिला थोडा भाग त्यांनी स्वतः सोसायचा. सोसायटीवर मागाहून वसुली काढायची नाही, असं त्यांच्या पॉलिसीतच होतं, म्हणून जबाबदार व्यक्तीचा रकाना रिकामाच राहिला. एवढं साधं होतं. इतकं साधं की तिला पुन्हा संताप आला. पुट्टी कोणाची, हे मात्र शेवटपर्यंत कोणी सांगितलं नाही.

उरला होता सोसायटीचा तो पहिला भाग. पाइप सोसायटीचा निघाल्यावर तो सगळ्या घरांवर वाटला जाणार होता. सभा भरली ती तळमजल्यावरच्या मोकळ्या खोलीत, आणि बसायच्या आधीच आरडाओरडा सुरू झाला.

"आमचं घर दुसऱ्या टोकाला! आमच्याकडे थेंबसुद्धा आला नाही!"

"मागच्या वर्षी तो भाग वाढवायला हात वर कोणी केला होता?" नवऱ्यानं विचारलं. एरवी तो सभेत बोलत नसे. सगळ्यांनीच केला होता.

तीही उभी राहिली. "ज्यांनी घराचा विमा काढलाय त्यांनी पॉलिसी उघडून बघा. सोसायटीनं असा खर्च वाटला तर आपल्या वाट्याचा हिस्सा बऱ्याच पॉलिसी भरून देतात. आमची देतेय. ज्यांनी काढलाच नाही, त्यांना खिशातून द्यावा लागेल."

खोलीत पुष्कळ माना खाली गेल्या. घराचा विमा काढलेली माणसं मोजकीच होती. विमा नसलेल्यांतला एक मात्र चिडून उठला. "पण पाणी वेळेवर बंद झालं असतं तर एवढं झालंच नसतं! मेट्रनबाई घर टाकून हिंडायला गेल्या, त्याचं आम्ही का भरायचं?"

ती उत्तर द्यायला वळली. तेवढ्यात वन्सं उठल्या. कडेला बसून सगळ्यांच्या तोंडांकडे बघत होत्या त्या. तेवढं वाक्य त्यांनी बरोबर टिपलं होतं.

"मी हिंडायला गेले नव्हते," त्या म्हणाल्या. आवाज वॉर्डभर जाईल असाच होता. "घरात होते. झोपले होते. मला ऐकू येत नाही. तुम्ही दार वाजवलंत ते ऐकू आलं नाही, पाणी ऐकू आलं नाही. लाज वाटली म्हणून बाहेर होते म्हणून सांगितलं. माझा विमा नाही, माझा हिस्सा मी खिशातून भरीन. आणखी कोणाला काही विचारायचं असेल तर इकडे समोर येऊन विचारा, म्हणजे मला दिसेल."

कोणीही समोर आलं नाही. चष्मेवाले सेक्रेटरी कागद गोळा करत म्हणाले, "ठराव मंजूर." कोणता, ते कोणी विचारलं नाही.

जिना चढताना वन्संनी तिचा दंड धरला होता, गुडघ्यासाठी. "तुमच्या हॉस्पिटलात कानाचा डॉक्टर आहे का गं?" त्यांनी विचारलं.

"आहे. माझ्या शेजारच्याच खोलीत."

"उद्धट आहे का?"

"थोडा."

"मग चालेल," वन्सं म्हणाल्या.

काम संपायला पुढं बरेच दिवस गेले. सुतारानं लाकूड आणलं ते दुसऱ्याच रंगाचं, मग ते परत गेलं. रंगारी दोनदा येतो म्हणून आला नाही. चिडायला कारणं काही कमी पडली नाहीत. पण एका सकाळी ती कामावर निघाली, तर वरच्या मजल्यावरून आवाज येत होता. दार उघडं होतं. आत एजंट मित्र सोफ्याच्या अगदी टोकावर बसला होता, कपाळावर घाम. समोर वन्सं, कानात नवं यंत्र, हातात पॉलिसी.

"परत वाच," वन्सं म्हणत होत्या. "हे 'अचानक आणि अनपेक्षित' म्हणजे काय? हळूहळू गळत असेल तर? नाही ना देत? मग तसं सरळ लिहायचं. आणि पुट्टी? पुट्टी कशात येते?"

एजंटनं दारात तिला बघितलं. बुडणाऱ्या माणसानं काठावरच्या माणसाकडे बघावं तसं बघितलं. "वहिनी," तो केविलवाण्या सुरात म्हणाला, "जरा आत या ना."

"मला उशीर होतोय," ती म्हणाली आणि लिफ्टचं बटण दाबलं.